सांगणे हाही उपचारच

पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर अंगावरून पुन्हा रक्त गेले, तर ते एकदाच गेलेले असो की डागापुरते दिसलेले असो, त्याची तपासणी झालीच पाहिजे. गर्भाशयाच्या कर्करोगाबद्दल एखाद्या स्त्रीला एकच वाक्य सांगता येणार असेल, तर ते हे असावे. हा रोग गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात सुरू होतो आणि बहुतेक वेळा रक्तस्रावाच्या रूपाने लवकर वर्दी देतो. अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाळी गेल्यानंतर हा रोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी ९१ जणींना निदानापूर्वी असा रक्तस्राव झाला होता. असा रक्तस्राव होणाऱ्या शंभर जणींपैकी मात्र साधारण ९ जणींनाच कर्करोग निघतो. बाकीच्यांच्या बाबतीत अस्तर पातळ होणे, पॉलिप असणे अशी साधी कारणे असतात. म्हणजे तपासणीला गेलेल्या बहुतेक जणी निर्धास्त होऊन परततात, आणि ज्यांना रोग निघतो त्यांचा तो बहुधा गर्भाशयापुरताच असतो. त्या टप्प्यावर उपचार झालेल्या शंभरपैकी नव्वदहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे प्रगत देशांच्या नोंदी दाखवतात. तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात या रोगाने सुमारे ९७ हजार स्त्रियांचा बळी घेतला. त्याच वर्षी सुमारे ४ लाख २० हजार स्त्रियांना त्याचे नव्याने निदान झाले. भारतात २०२० साली असे निदान झालेल्या स्त्रियांचा अंदाज १६ हजारांच्या आसपास होता.

इतकी स्पष्ट खूण देणाऱ्या रोगातही स्त्रिया उशिरा पोहोचतात, उपचाराच्या निर्णयात गप्प बसवल्या जातात आणि उपचार संपल्यावर एकट्या पडतात. याचे मोठे कारण औषधांच्या किंवा यंत्रांच्या कमतरतेत शोधले जाते. ती कमतरता आहेच. पण तिच्या आधी आणि तिच्या जोडीला दुसरी एक उणीव आहे: रोगाची माहिती बाईपर्यंत पोहोचवणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नाही. डॉक्टर ते नातेवाइकांवर सोपवतात, नातेवाईक ते टाळतात, आणि उरलेले काम शेजारीण, व्हॉट्सॲप आणि भीती करतात. माझे म्हणणे असे की गर्भाशयाच्या कर्करोगात माहिती आणि आधार या उपचारानंतर, सवड मिळाली तर, करायच्या गोष्टी नाहीत. त्या उपचाराचाच भाग आहेत. म्हणून त्या खुद्द रुग्ण स्त्रीला, तिच्या भाषेत, टप्प्याटप्प्याने आणि ओळखीच्या जबाबदार माणसाकडून मिळाल्या पाहिजेत. छापील पत्रक हातात ठेवल्याने हे कर्तव्य पुरे होत नाही, याला पुरावा आहे. तो पुढे येईलच.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो थेट जिवावर बेततो. ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणून आपण दोन वेगळे रोग एकत्र बांधतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मुख्यतः एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळच्या संसर्गातून होतो. त्यासाठी लस आहे आणि चाळणी तपासण्याही आहेत. अस्तराच्या कर्करोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रोजेस्टेरॉनच्या आवराविना दीर्घकाळ झालेला परिणाम हे त्याचे प्रमुख कारण. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणे जवळजवळ थांबवतात, पण शरीरातील मेद ते बनवत राहतो. म्हणून लठ्ठपणा आणि त्याच्या जोडीने येणारा मधुमेह हा धोका वाढवतात. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारामुळे वर्षानुवर्षे पाळी अनियमित राहिलेल्या स्त्रिया आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या, पाळी गेलेल्या स्त्रिया यांनाही तो अधिक असतो. मुखाच्या पेशींची पॅप तपासणी निर्दोष आली म्हणजे अस्तर निर्दोष आहे, असा अर्थ होत नाही. एचपीव्हीची लस या रोगापासून वाचवत नाही. उपचारातही दोहोंचे मार्ग वेगळे आहेत. मुखाच्या कर्करोगात दुर्बिणीतून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले. अस्तराच्या सुरुवातीच्या कर्करोगात मात्र ७६० स्त्रियांच्या चाचणीत दुर्बिणीची आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया रोगमुक्तीच्या बाबतीत सारख्याच ठरल्या, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एका रोगाची बातमी दुसऱ्या रोगाच्या बाईला लावली की ती हितकारक शस्त्रक्रिया नाकारू शकते. इतक्या बारीक फरकावर निर्णय अवलंबून असताना ‘पिशवीचा आजार आहे, काढावी लागेल’ एवढ्यावर संभाषण संपवणे अपुरे आहे.

माहितीच्या अभावाचे महाराष्ट्रात दोन परस्परविरोधी परिणाम दिसतात, आणि ते एकत्र पाहिल्याशिवाय प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी त्याआधीच्या दहा वर्षांत काढलेली आढळली, आणि त्यात तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याच्या कहाण्या तेव्हा वारंवार पुढे आल्या. दुसरीकडे साठीच्या बाईला अंगावरून रक्त जाते, तेव्हा ‘उष्णता झाली असेल’, ‘गेलेली पाळी परत आली’ म्हणून घरातले महिनोन् महिने वाट पाहतात. जिला कर्करोग नव्हता तिला त्याच्या भीतीने गर्भाशय गमवावे लागले, आणि जिला असू शकतो तिला त्याची शंकाही आली नाही. भीती चुकीच्या वयात, चुकीच्या लक्षणाला चिकटली. अधिक जागृती केली तर अधिक स्त्रिया घाबरून शस्त्रक्रियागृहात जातील, असा आक्षेप इथे घेतला जातो. तो सरसकट जागृतीला लागू पडतो, नेमक्या माहितीला पडत नाही. कोणत्या वयात कोणत्या लक्षणाची कोणती तपासणी करायची, आणि बायोप्सीच्या पुराव्याशिवाय कर्करोगाच्या नावाखाली पिशवी काढू द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माहितीच्या दोन बाजू आहेत. त्या दोन्ही कळलेली बाई उशीरही करणार नाही आणि नाहक शस्त्रक्रियेलाही तयार होणार नाही.

निदान झाल्यावर माहितीची गरज कमी होत नाही, उलट ती वाढते. बहुतेक स्त्रियांत गर्भाशय, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढणे हा पहिला उपचार असतो. पण त्यापुढची वाट एकच नाही. नेदरलँड्समधील पोर्टेक चाचण्यांनी हे स्पष्ट केले. सातशेहून अधिक स्त्रियांच्या पहिल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००० साली आले, शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर बाहेरून दिलेल्या रेडिएशनमुळे त्या भागात रोग उलटण्याचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले, पण आयुष्य वाढले नाही. २०१० मध्ये ४२७ स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीने दाखवले की त्या चाचणीतील स्त्रियांना केवळ योनीमार्गातून आतून दिलेले रेडिएशन पुरते आणि त्यात जुलाब, शौचाची घाई असे त्रास बरेच कमी होतात. ओटीपोटातील लसिकाग्रंथी सर्रास काढल्याने सुरुवातीच्या टप्प्यात आयुष्य वाढत नाही, असे २००९ मध्ये चौदाशे स्त्रियांच्या ॲस्टेक चाचणीत आढळले. या ग्रंथी काढल्यावर पाय कायमचे सुजण्याचा धोका मात्र असतो. २०१३ पासून या रोगाचे जनुकीय बदलांनुसार चार गट ओळखले जातात, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय टप्पेवारीत त्यांना स्थान मिळाले. एका गटातील रोग सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसला तरी त्याचे भवितव्य उत्तम असते, तर दुसऱ्या गटात अधिक कडक उपचार लागतात. एखाद्या तरुण स्त्रीला मूल हवे असेल आणि रोग अगदी प्रारंभीचा असेल, तर प्रोजेस्टेरॉनच्या उपचाराने, बारकाईने लक्ष ठेवून, गर्भाशय काही काळ राखताही येते. म्हणजे कमी त्रास की कमी धोका, आत्ता मूल की आत्ता शस्त्रक्रिया, असे प्रश्न पुढे येतात, आणि त्यांची उत्तरे केवळ वैद्यकशास्त्र देऊ शकत नाही. ज्या बाईच्या शरीराला परिणाम भोगायचे आहेत तिचे मत त्यात लागते, आणि मत बनायला आधी माहिती लागते.

उपचार संपल्यावर तर माहिती हीच देखरेख बनते. दर काही महिन्यांनी स्कॅन आणि रक्ततपासण्या केल्या की रोग उलटताच पकडता येतो, असा सर्वसाधारण समज आहे. इटली आणि फ्रान्समधील अठराशेहून अधिक स्त्रियांच्या टोटेम चाचणीने २०२२ मध्ये दाखवले की वारंवार स्कॅन करणाऱ्या देखरेखीने, मोजक्या तपासण्यांच्या देखरेखीच्या तुलनेत, आयुष्य वाढत नाही. रोग उलटतो तेव्हा तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, आणि पुष्कळदा बाईला स्वतःलाच आधी काहीतरी जाणवते: पुन्हा रक्तस्राव, न थांबणारी ओटीपोटदुखी, पायाची सूज, दम लागणे, वजन घटणे. ही लक्षणे तिला माहीत असतील आणि ती कोणाला सांगायची हेही माहीत असेल, तर तिची देखरेख अर्धी झालीच. माहीत नसतील तर पुढच्या तारखेपर्यंत ती दुखणे सोसत राहते, कारण तारीख मोडून मोठ्या रुग्णालयात जाण्याचे बळ तिच्या अंगात आणि गाठीला दोन्हीकडे नसते. ज्या गोष्टी ओठांवर येत नाहीत, त्याही याच काळातल्या. अंडाशय काढल्यावर तरुण स्त्रीची पाळी एका दिवसात जाते, आणि अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे हे सारे एकदम सुरू होते. योनीमार्गातील रेडिएशननंतर तो मार्ग आकसू शकतो. तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर वापरायला शिकवावे लागते. हे केवळ शरीरसंबंधासाठी असते असे समजून विधवा आणि वयस्क स्त्रियांना ते सांगितलेच जात नाही. वास्तविक पुढच्या आतल्या तपासणीसाठीही ते लागते. एक महत्त्वाची गोष्ट क्वचितच सांगितली जाते: या रोगातून वाचलेल्या स्त्रियांत पुढे मृत्यूचे पहिले कारण हृदयविकार असल्याचे अमेरिकेतील ३३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून २०१२ मध्ये दिसले. कर्करोगावर मात केलेल्या बाईने रक्तदाब आणि साखर सांभाळणे हा तिच्या कर्करोगोत्तर काळजीचाच भाग आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत जुना आणि सर्वांत मायेपोटी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे ‘तिला सांगू नका, ती खचेल’. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो, नवरा कागद खिशात घालतो, आणि बाईला ‘गाठ होती, काढली’ एवढेच कळते. या मायेबद्दल आदर ठेवूनही तिचे दुष्परिणाम सांगितले पाहिजेत. कर्करोगाच्या रुग्णालयात दहा बायकांच्या रांगेत बसलेल्या बाईला आपल्याला काय झाले हे कळत नाही, ही समजूत खरी नाही. ते तिला कळते, फक्त ते कोणाजवळ बोलायची वाट बंद होते. लपवाछपवीमुळे तिची भीती जात नाही, उलट त्या भीतीत ती एकटी पडते. शिवाय जे लपवले त्यावर देखरेख कशी ठेवायची? रोग उलटण्याची लक्षणे सांगायची तर रोगाचे नाव घ्यावेच लागते. कायद्याचेही यावर स्पष्ट म्हणणे आहे. पाळीच्या लांबलेल्या रक्तस्रावासाठी तपासणीला आलेल्या स्त्रीला भूल दिलेली असताना तिच्या आईच्या संमतीवर तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. त्या प्रकरणात जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या बाबतीत, जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल तर, तिची स्वतःची संमती लागते आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. तरीही एखादी बाई स्वतःच म्हणाली की मला तपशील नकोत, माझ्या मुलीशी बोला, तर तो तिचा अधिकार आहे. फक्त हे तिला विचारले गेले पाहिजे. ‘किती जाणून घ्यायला आवडेल?’ हा एक प्रश्न कुटुंबाची माया आणि बाईचा हक्क या दोहोंना न्याय देतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याच्या मागे पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये १२ रुग्णालयांत गर्भाशयाच्या कर्करोगाच्या २२१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. काही रुग्णालयांनी प्रत्येक बाईला तिच्या आजाराची, उपचारांची आणि पुढच्या देखरेखीची सविस्तर लेखी योजना दिली, तर बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे काम केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होते. लेखी योजना मिळालेल्यांना माहिती अधिक मिळाली, पण त्यांचे समाधान वाढले नाही. त्यांना आजाराची चिंता अधिक वाटली, मनावर परिणाम अधिक झाला आणि लक्षणेही अधिक जाणवली. माहितीच्या बाजूने बोलणाऱ्याने हा पुरावा दडवू नये, कारण तो टाळून केलेला युक्तिवाद पोकळ ठरेल. पण त्याचा अर्थ ‘सांगूच नका’ असा होतो का? दुसरा एक प्रयोग शेजारी ठेवून पाहावा. इंग्लंडच्या वायव्य भागात पहिल्या टप्प्याच्या गर्भाशय कर्करोगातून उपचार संपवलेल्या २५९ स्त्रियांपैकी काहींची देखरेख नेहमीप्रमाणे रुग्णालयात झाली, तर काहींना या रोगात तज्ज्ञ असलेली परिचारिका ठरल्या वेळी फोन करून बोलत असे. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत फोनवरच्या स्त्रियांना अधिक मानसिक त्रास झाल्याचे दिसले नाही, आणि माहितीबाबतचे त्यांचे समाधानही कमी नव्हते. दोन्ही प्रयोग निरनिराळ्या देशांतले, त्यांचे मोजमाप वेगळे, तेव्हा त्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरी दोन्हींतून दिशा मिळते. संभाव्य संकटांची यादी एकदम हातात पडली आणि विचारायला कोणी नसले, तर माहितीची चिंता होते. तीच माहिती ओळखीच्या माणसाने, विचारलेल्या प्रश्नाच्या अनुषंगाने दिली, तर ती पेलता येते. म्हणून माहिती आणि आधार यांची फारकत करता येत नाही. निव्वळ माहिती घाबरवते, आणि माहितीविना दिलेला धीर पहिल्या अवघड प्रश्नाला कोसळतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाच्या घरात रुग्ण निघतात. ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णामागे काही मिनिटेच मिळतात. अशा स्थितीत तुलनेने कमी आढळणाऱ्या रोगासाठी एवढा सोपस्कार परवडेल का? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की हा रोग कमीच राहील असे मानायला जागा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. लठ्ठपणा वाढतो आहे, आयुर्मान वाढते आहे, आणि हा रोग याच दोन्ही वाटांनी येतो. शिवाय तो बरा होणारा असल्याने त्यातून वाचून जगणाऱ्या स्त्रियांची संख्या वर्षागणिक साठत जाते. दुसरे उत्तर असे की यासाठी नवी इमारत बांधायची नाही. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा जो तपासणी-तक्ता भरते, त्यात ‘पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का’ हा प्रश्न आजही आहे. अडचण पुढच्या पायरीवर आहे. सरकारी चाळणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी आखलेली आहे. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचे गर्भाशयमुख ॲसिटिक ॲसिड लावून तपासले आणि ते ठीक दिसले, तर ‘काही नाही’ म्हणून ती घरी पाठवली जाण्याचा धोका आहे. त्या तपासणीत आतले अस्तर दिसत नाही. तिला योनीमार्गातून सोनोग्राफी हवी. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल तर बायोप्सी हवी. म्हणजे हवा आहे तो एक नियम, आणि तो आशा कार्यकर्तीपासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत सर्वांना ठाऊक असणे.

माणसाच्या तोंडून गेलेल्या माहितीने रोग लवकर सापडतो, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातल्यासारखी रुग्णालयांतून आयती माहिती मिळणे शक्य नव्हते, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. लोकांशी, गावातल्या जाणत्यांशी बोलू लागले, लक्षणे समजावू लागले आणि शंका असलेल्यांना रुग्णालयात यायला प्रवृत्त करू लागले. पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यांत सापडण्याचे प्रमाण वाढले, आणि १९९० च्या दशकात ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून प्रसिद्धही झाले. तो रोग वेगळा होता, पण रक्तस्रावाबद्दल बोलायचा संकोच, घरातली टाळाटाळ, प्रवासाचा खर्च आणि शेतीच्या कामांचा रेटा हे अडथळे तेच होते. अस्तराच्या कर्करोगाला सर्वांसाठीची चाळणी तपासणी उपलब्ध नाही, म्हणून इथे लक्षण ओळखणे हेच मुख्य हत्यार आहे, आणि बार्शीची शिकवण इथे अधिकच लागू पडते.

एका बाबतीत माहिती देणाऱ्याने स्वतःच्या बोलण्यावर कडक पहारा ठेवायला हवा. लठ्ठपणाचा संबंध सांगताना ‘तुमच्या वजनामुळे झाले’ असा सूर लागला, तर तो आधार राहत नाही, आरोप होतो. बारीक अंगाच्या स्त्रियांनाही हा रोग होतो. त्याचे काही आक्रमक प्रकार इस्ट्रोजेनशी फारसे निगडितच नसतात. शंभरातल्या सुमारे तीन रुग्णांत लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असतो. तो मुलामुलींकडे जाऊ शकतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाही धोका वाढवतो. कुटुंबात पन्नाशीच्या आत गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग झालेली माणसे असतील, तर गाठीची विशेष तपासणी करून घेण्याची माहिती बाईइतकीच तिच्या भावंडांना आणि लेकरांना उपयोगाची असते. इथे माहिती एका रुग्णाची उरत नाही. पण मुलीचे लग्न मोडेल या धास्तीने ती घरातच गाडली जाण्याचा संभव असतो, म्हणून समुपदेशकाने कुटुंबाशी बसून, सावकाश बोलण्याची गरज सर्वांत अधिक इथेच असते.

आधाराचे काही काम समाजाने केव्हाच हाती घेतले आहे. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाल्यापासून परळ-दादरच्या परिसरात रुग्णांची राहण्याची सोय करणाऱ्या धर्मशाळा आणि सेवाभावी संस्था उभ्या राहिल्या. १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. रोगातून बऱ्या झालेल्या व्यक्ती नव्या रुग्णांशी बोलतात, हे कामही शहरांत चालते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनचा मोठा भार हलका होतो. या सगळ्याबद्दल कृतज्ञता ठेवूनही म्हटले पाहिजे की जिल्ह्याच्या गावी परतलेल्या बाईला यातले फारसे काही पुरत नाही. बरी झालेली दुसरी बाई धीर देऊ शकते, रेडिएशनच्या दिवसांत काय खाल्ले ते सांगू शकते, पण पायाची सूज साधी की काळजीची हे तिने ठरवू नये. सेवाभाव मौल्यवान आहे, पण त्याच्यावर सोडलेले काम नशिबाने मिळते. रुग्णालयाने ज्या शिस्तीने टाके काढण्याची तारीख दिली, त्याच शिस्तीने सांगण्याची आणि ऐकण्याची तारीखही दिली पाहिजे.

मागणी मोठी नाही. कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात स्त्रीरोग कर्करोगाचे प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका असावी. तिचे नाव आणि फोन क्रमांक निदानाच्या दिवशीच रुग्णाच्या कागदावर लिहिला जावा. शस्त्रक्रियेआधी, पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर, रेडिएशन किंवा केमो संपताना आणि त्यानंतर ठरल्या अंतराने तिने मराठीत, जिथे लागेल तिथे बाईच्या बोलीत, फोनवर किंवा समोर बसून बोलावे. त्या बोलण्याची नोंद औषधांच्या नोंदीइतकीच सक्तीची असावी, आणि सरकारी योजनेने उपचाराच्या पॅकेजमध्ये या कामाचे पैसे धरावेत, कारण ज्याचे पैसे धरले जात नाहीत ते काम आपल्याकडे होत नाही. २०१२ पासून देशातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. समान उपचारपद्धती ठरवणाऱ्या या जाळ्याने समान माहितीपद्धतीही ठरवली, तर जिल्ह्याचे रुग्णालय मुंबईच्या मागे राहणार नाही. आणि वाचकाचे काम याहून साधे, पण आजच करण्याजोगे आहे. घरातल्या, शेजारच्या, कामावरच्या पाळी गेलेल्या स्त्रियांना विचारा: पुन्हा कधी अंगावरून रक्त गेले होते का? गेले असेल तर त्यांना या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा, केवळ पॅप तपासणीवर परत येऊ नका, आणि डॉक्टर जे काही सांगतील ते त्या बाईच्या समोर, तिलाच सांगायला लावा.